ड्रोन उडवण्याआधीची तपासणी: डीजेआय फ्लाय ॲप, फोनवरची यादी की छापील कार्ड?

डीजेआय कंपनीचे ड्रोन ज्यावरून उडवतात त्या डीजेआय फ्लाय ॲपच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'टेकऑफ परमिटेड' अशी हिरवी पट्टी आली की बहुतेकांची तपासणी तिथेच संपते. ड्रोनला स्वतःबद्दल जे कळतं तेवढंच ती पट्टी सांगते. प्रोपेलरच्या बुडाशी गेलेला केसाएवढा तडा त्याला कळत नाही. बॅटरी एकाच बाजूने बसली आहे हे कळत नाही. रिटर्न टू होमची, म्हणजे आपोआप परत येतानाची, उंची अजून मागच्या जागेचीच आहे, यात तर त्याला काही चूकही वाटत नाही. तपासणी लक्षात ठेवायला आज जी साधनं हाताशी आहेत, ती काय पकडतात आणि काय सोडून देतात एवढ्याच कसोटीवर इथे पारखली आहेत. समोर मिनी 4 प्रो वर्गातला घडीचा कॅमेरा ड्रोन धरला आहे. दुसरं मॉडेल असेल तर बटणांच्या जागा बदलतील, मुद्दे फारसे बदलणार नाहीत.

डीजेआय फ्लाय: यंत्राच्या आतलं उत्तम, बाहेरचं जवळपास शून्य

ड्रोन चालू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत आयएमयू (हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर), कंपास, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग), व्हिजन सेन्सर (आजूबाजूचं पाहणारे छोटे कॅमेरे), मोटर आणि बॅटरी यांची स्वचाचणी होते. हे काम माणसाला डोळ्यांनी करताच येत नाही, आणि ॲप ते चोख करतं. काही खटकलं की पट्टीचा रंग बदलतो आणि तिच्यावर टिचकी मारली की नेमकं कारण दिसतं. ही टिचकी बरेच जण मारत नाहीत. पिवळ्या पट्टीवरही ड्रोन अनेकदा उडतो. जीपीएस कमजोर असेल तर उंची मर्यादित ठेवून तो व्हिजन सेन्सरच्या भरवशावर वर जातो, आणि उडवणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे.

घोटाळा इथेच होतो. होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, नोंदवला जातो तो पुरेसे सॅटेलाइट मिळाल्यानंतर. घाईने आधीच उडालात, तर सिग्नल जिथे पक्का होईल तिथलीच नोंद होते. त्या क्षणी ड्रोन तळ्यावर किंवा झाडाच्या शेंड्यावर असेल तर 'घर' तेच. मग सिग्नल तुटल्यावर तो इमानदारीत तळ्यावर परत येतो. म्हणून 'होम पॉइंट अपडेट झाला, नकाशावर तपासा' अशी सूचना कानावर पडेपर्यंत थांबायचं. नंतर खरोखर नकाशा उघडून खूण आपल्या पायाशी आहे का ते पाहायचं. निदान 10 सॅटेलाइट दिसल्याशिवाय मोटर सुरू करू नये. मागच्या उड्डाणापासून जागा बरीच बदलली असेल तर सॅटेलाइट सापडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. तो बिघाड नव्हे, थांबा.

कंपासच्या सूचनेबाबत ॲपची भाषा थोडी दिशाभूल करते. 'कॅलिब्रेट करा' असं वाचलं की लोक जागेवरच ड्रोन हातात धरून गोल फिरायला लागतात. काँक्रीटमधल्या सळ्या, गटाराचं लोखंडी झाकण, उभी गाडी, स्टीलचं टेबल यांपैकी काहीही जवळ असेल तर त्या बिघडलेल्या चुंबकीय क्षेत्रातच कॅलिब्रेशन होतं. जमिनीवर सगळं हिरवं दिसतं आणि वर गेल्यावर ड्रोन रुंदावत जाणाऱ्या वर्तुळात भरकटू लागतो. आधी ड्रोन आठ-दहा मीटर बाजूला, मोकळ्या मातीवर नेऊन ठेवा. सूचना आपोआप गेली तर कॅलिब्रेशनची गरजच नव्हती. नाही गेली तरच करा: एकदा आडवा धरून 360 अंश, मग नाक खाली करून 360 अंश, आणि खिशातला फोन व किल्ल्या बाजूला ठेवून.

बॅटरीबद्दल ॲप बरंच सांगतं, पण ते विचारावं लागतं. सेटिंगमध्ये सेफ्टीखाली बॅटरी इन्फो उघडलं की प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि किती वेळा चार्ज झाली ते दिसतं. मिनी 4 प्रोच्या नेहमीच्या 2590 एमएएच बॅटरीत दोन सेल असतात. दोघांत 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक कायम दिसत असेल तर ती बॅटरी उंचीवर नेऊ नये. टक्केवारी दोन्ही सेलची मिळून दिसते, कमजोर सेल मात्र आधी कोसळतो. आणखी एक गोष्ट: या बॅटऱ्या काही दिवस पडून राहिल्या की स्वतःचा चार्ज थोडा उतरवतात. मागच्या आठवड्यात पूर्ण भरलेली बॅटरी आज पूर्ण भरलेली नसते.

ॲपची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. रिटर्न टू होमची उंची, सिग्नल तुटल्यावर काय करायचं, अडथळा आला तर थांबायचं की वळसा घालायचं, कमाल उंची आणि कमाल अंतर या सगळ्या सेटिंग मागच्या उड्डाणापासून तशाच राहतात. ॲप दर वेळी त्यांची आठवण करून देत नाही. विसरायला सगळ्यात सोपी जागा हीच. मोकळ्या मैदानासाठी लावलेली 40 मीटर उंची घेऊन कोणी 60 मीटरच्या टॉवरशेजारी उडालं, तरी पट्टी हिरवीच.

प्रतिबंधित क्षेत्रांबद्दलही आता ॲपवर पूर्वीइतकं विसंबता येत नाही. आधी काही क्षेत्रांत ॲप टेकऑफच होऊ देत नसे. अमेरिकेत जानेवारी 2025 पासून डीजेआयने ही अडवणूक काढून तिथे बहुतांश ठिकाणी फक्त इशारा ठेवला. म्हणजे आधी ॲप करत असलेली एक तपासणी माणसाच्या गळ्यात आली. आपल्या देशाच्या विमान वाहतूक यंत्रणेचा अधिकृत नकाशा घरून निघण्याआधी पाहणं एवढाच उपाय.

यूएव्ही फोरकास्ट: निघायच्या आधी उपयोगी, जागेवर पोचल्यावर कमी

या ॲपमध्ये वारा, वाऱ्याचे झोत, पाऊस, दृश्यमानता, दिसू शकणारे सॅटेलाइट आणि केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा) एका पडद्यावर येतात. स्वतःच्या ड्रोनप्रमाणे मर्यादा ठरवून घेता येतात, आणि त्या घ्याव्यातच. आपण काय उडवतोय हे ॲपला सांगितल्याशिवाय त्याच्या हिरव्या रंगाला अर्थ नाही. मिनी 4 प्रोची वारा सहन करण्याची मर्यादा सेकंदाला 10.7 मीटर, म्हणजे ताशी साधारण 38 किलोमीटर. ती झोतांना लावून पाहा, सरासरी वाऱ्याला नको. आमच्या मते मर्यादेच्या दोन-तृतीयांशावर थांबावं, कारण परतीचा हिशेब तिथून बिघडायला लागतो. हवेच्या तुलनेत सेकंदाला 12 मीटर जाणारा ड्रोन समोरून 8 मीटरचा वारा आला की जमिनीवरून 4 मीटरच सरकतो. एक किलोमीटर परत यायला चार मिनिटांहून जास्त, आणि तीही बॅटरी उतरत असताना. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा.

उंचीनुसार वारा दाखवण्याची सोय कामाची आहे. जमिनीवर पान हलत नसतानाही 80-100 मीटरवर चांगलाच वारा असू शकतो. इमारतीच्या कोपऱ्यावर किंवा कड्याच्या तोंडावर वारा कसा उसळेल, हे मात्र कुठल्याच अंदाजाला कळत नाही. केपी 5 किंवा वर असेल तर ते भूचुंबकीय वादळ. जीपीएस आणि कंपास दोन्ही डळमळू शकतात, त्या दिवशी दूर जाऊ नये. त्याखालच्या आकड्यांची काळजी करत बसणारे पुष्कळ भेटतात. त्यापेक्षा पायाखालच्या सळ्यांकडे लक्ष दिलं तर जास्त फायदा होईल.

फोनवरची यादी: तीन कारणांनी निराशा

नोंदवहीच्या ॲपमध्ये चौकोनांवर खुणा करण्याची यादी बनवणं सोपं आहे, सुधारणंही सोपं. पण आरसी-एन2 सारखा रिमोट असेल तर फोन त्यातच अडकलेला असतो. यादी पाहायला उड्डाणाचं ॲप मागे टाकावं लागतं, आणि नेमकी त्याच वेळी आलेली सूचना नजरेतून सुटते. पडदा असलेल्या आरसी 2 रिमोटबरोबर फोन मोकळा राहतो, मग ही अडचण उरत नाही. दुसरं, भर उन्हात फोनचा पडदा नीट दिसत नाही. तिसरं कारण सगळ्यात वाईट: अंगठा सवयीने सगळे चौकोन भराभर भरतो. खूण केली म्हणजे हात लावून पाहिलं असं होत नाही. आदल्या रात्रीच्या कामांसाठी फोनची यादी चांगली. ड्रोन समोर ठेवल्यावर तिचा काही उपयोग नाही.

छापील कार्ड: सगळ्यात साधं, म्हणून सगळ्यात भरवशाचं, पण स्वतः लिहिलेलं असेल तरच

तयार मिळणाऱ्या याद्या लांबलचक असतात. त्यांत विम्याचे कागद, फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर), हवामान आणि प्रोपेलर एकाच रांगेत येतात. यादी लांब झाली की लोक तिच्यावरून नजर फिरवतात, आणि मग ती नसल्यासारखीच. ॲप जे तपासतं ते कार्डावर लिहू नये, हा आमचा पहिला नियम. 'जीपीएस तपासा' या ओळीने जागा अडते आणि खरी ओळ खाली ढकलली जाते.

दुसरा नियम: ओळीत आज्ञा लिहू नका, दिसायला हवी ती स्थिती लिहा. 'बॅटरी तपासा' याला मनातल्या मनात 'हो' म्हणता येतं. 'बॅटरी: दोन्ही बाजूंची फट बंद' म्हटलं की डोळा तिकडे न्यावाच लागतो. 'आरटीएच (रिटर्न टू होम) उंची तपासा' ऐवजी 'आरटीएच: सर्वांत उंच अडथळा + 15 मीटर' असं लिहिलं की आधी मान वर करून उंच अडथळा शोधावा लागतो.

कार्ड ए6 आकाराचं पुरे, अक्षरं 14 पॉइंटची, लॅमिनेशन मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन परावर्तित होऊन काही वाचता येत नाही. कार्ड बॅगेच्या कप्प्यात खुपसू नये. बॅटऱ्यांच्या वर आडवं ठेवावं, म्हणजे ते उचलल्याशिवाय बॅटरी हातात येणारच नाही. ओळी ड्रोनभोवती हात जसा फिरतो त्या क्रमाने असाव्यात, नाकापासून सुरू करून एकाच दिशेने. मध्ये कोणी बोलायला आलं तर जिथे थांबलात तिथून पुढे जायचं नाही, त्या टप्प्याच्या पहिल्या ओळीवर परत यायचं. बरोबर दुसरा माणूस असेल तर त्याने ओळ वाचावी आणि उडवणाऱ्याने हात लावून उत्तर द्यावं.

कार्डावर काय असावं, आणि का

आदल्या रात्री: बॅटऱ्या, रिमोट आणि फोन चार्ज, मेमरी कार्ड ड्रोनच्या आत, फर्मवेअर. फर्मवेअर जागेवर जाऊन करू नये. इंटरनेट दगा देतं, शिवाय बॅटऱ्यांचंही स्वतःचं फर्मवेअर असतं. एक बॅटरी लावून ड्रोन अद्ययावत केला आणि उरलेल्या दोन तशाच राहिल्या, तर त्या लावताना पुन्हा अपडेट मागितलं जातं. म्हणून घरीच प्रत्येक बॅटरी एकदा लावून पाहायची. अपडेटनंतर सेटिंगही एकदा नजरेखालून घालाव्यात.

ड्रोन बंद असताना पहिलं काम गिंबलचं कव्हर काढणं. कव्हर तसंच ठेवून ड्रोन चालू केला तर गिंबलच्या बारीक मोटर अडवलेल्या असतानाच जोर लावतात. ॲप चूक दाखवतं, पण ताण बसल्यानंतर. चालू करताना ड्रोन सपाट जागेवर हवा. मिनीसारखा ड्रोन गवतावर ठेवला तर पाती आणि कॅमेरा दोन्ही गवतात रुततात, म्हणून घडीचा लँडिंग पॅड बरा.

मग प्रोपेलर. यावर वेळ घालवावा. प्रत्येक पात्याच्या पुढच्या धारेवरून नख हलकेच बुडापासून टोकापर्यंत न्या. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला अडकते. मग पातं किंचित वाकवून बुडाशी, बिजागरीजवळ पाहा. पांढरट रेघ दिसली तर तो तडा, पातं बदला. खाच असलेलं पातं लगेच तुटेलच असं नाही, पण ते थरथर निर्माण करतं, व्हिडिओ पाण्यासारखा हलतो आणि आयएमयूलाही त्रास होतो. मिनी वर्गात पाती स्क्रूने बसतात. स्क्रू सैल नाही ना ते सोबत आलेल्या स्क्रूड्रायव्हरनेच पाहावं, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजतं. एका मोटरवरची दोन्ही पाती एकदमच बदलायची. खुणांची पाती खुणांच्या मोटरवर आणि साधी साध्यावर. अदलाबदल झाली तर ड्रोन उचलण्याऐवजी जागेवरच उलटतो. बंद ड्रोनची मोटर बोटाने फिरवा. करकर जाणवली तर आत वाळू आहे.

बॅटरी बसवताना 'टक' असा आवाज येतो, पण आवाजावर थांबू नये. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते पाहा आणि बॅटरी अंगठ्याने हलकेच मागे ओढून बघा. एका बाजूची खिट्टी बसली नसली तरी विजेचे संपर्क जुळलेले असू शकतात. ड्रोन चालू होतो, पट्टी हिरवी होते, आणि जोरात वळताना किंवा ब्रेक लागताना बॅटरी सुटते. फुगलेली बॅटरी खिट्टीला नीट लागत नाही. सपाट टेबलावर ठेवून टोकावर दाबा, डुलली तर फुगली आहे, वापरू नका. थंडीत बॅटरी खिशात उबदार ठेवावी. गार बॅटरीचं व्होल्टेज भार पडताच झपकन उतरतं.

व्हिजन सेन्सरच्या भिंगांवर बोटांचे ठसे असतात, कारण ड्रोन नेमका तिथेच धरला जातो. मऊ कापडाने पुसा. हे सेन्सर बारीक तारा, पानं गळलेल्या फांद्या, काच आणि स्थिर पाणी यांपुढे हतबल असतात, अंधारातही. स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे वेगाने उडण्याच्या सेटिंगमध्ये, अडथळ्यापासून बचाव बंदच होतो. रिमोटवरचं बटण बॅगेत सरकून स्पोर्टवर गेलेलं असणं फार नेहमीचं आहे, त्याला कार्डावर स्वतंत्र ओळ द्यावी. रिमोटच्या स्टिक काढून ठेवण्याच्या असतील तर त्या शेवटपर्यंत आवळलेल्या हव्यात.

ड्रोन चालू झाल्यावर कार्डावर तीनच ओळी पुरतात: होम पॉइंट नकाशावर पायाशी, आरटीएच उंची या जागेची, सिग्नल तुटल्यावरची कृती या जागेची. उंची मोजली जाते ती टेकऑफच्या जागेपासून, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही. दरीतून उडून चढावाकडे जाताना हा फरक जीवघेणा ठरतो. सिग्नल तुटल्यावर परत येणं, उतरणं किंवा जागीच थांबणं असे तीन पर्याय असतात. मोकळ्यावर परत येणं योग्य. पुलाखाली किंवा दाट फांद्यांखाली काम असेल तर परत येण्यासाठी ड्रोन आधी वर चढेल आणि आदळेल, तिथे जागीच थांबणं निवडावं. काम संपल्यावर ते बदलायला विसरू नये, म्हणून हीच ओळ कार्डाच्या मागच्या बाजूला पुन्हा लिहावी.

डोक्याएवढ्या उंचीवरचं अर्धं मिनिट

मोटर सुरू करून न उचलता दोन सेकंद आवाज ऐका. एका मोटरचा सूर वेगळा लागला तर बंद करा. ॲपमधलं स्वयंचलित टेकऑफ ड्रोनला सुमारे 1.2 मीटरवर नेऊन थांबवतं. तिथेच ठेवून तो एका बाजूला सरकतोय का पाहा, मग डोक्याच्या उंचीला न्या. दोन्ही स्टिक चारही दिशांना थोड्याथोड्या हलवा. दुसऱ्या कोणी रिमोट वापरून स्टिकचा मोड (कोणती स्टिक काय करते ते) बदलला असेल तर तो इथेच उघडा पडतो, झाडाजवळ नाही. गिंबल वर-खाली करून पाहा, व्हिडिओ चालू करून आकडा पुढे सरकतोय याची खात्री करा. गार हवेत हेच अर्धं मिनिट एक-दीड मिनिटांवर न्या, तेवढ्यात बॅटरी ऊब धरते.

बॅटरी बदलल्यावर

कार्ड वापरणारेही इथे चुकतात. पहिल्या उड्डाणाआधी सगळं तपासलेलं असतं, म्हणून दुसरी बॅटरी घाईने खुपसून ड्रोन लगेच वर जातो. पण खिट्टी नव्याने बसलेली असते. ड्रोन बंद-चालू झाल्यामुळे होम पॉइंट नव्याने नोंदवला जाणार असतो. उतरताना गवताला लागलेल्या पात्यावर खाच आलेली असू शकते. या तीन गोष्टी कार्डाच्या मागे ठळक छापाव्यात: फट, पाती, होम पॉइंट. काढलेली गरम बॅटरी बॅगेत उलट्या तोंडाने किंवा रबर बँड लावून ठेवा, नाहीतर तीच पुन्हा ड्रोनमध्ये जाते. आणि मधल्या वेळात जागा बदलली असेल, मग ती पन्नास पावलांनी का होईना, तर आरटीएचची ओळही परत वाचायची.